दर सोमवारी एक कमी

१२ जानेवारी

भिंगरी,

परवा फोनवर मी "सगळं ठीक आहे" म्हणाले, ते खोटं होतं. फोन बाहेरच्या खोलीत आहे, धाकटी दिवसभर तिथेच असते, आणि एकोणसाठ वर्षांची झाली तरी ऐकलेलं वाक्य ती जसंच्या तसं पुढच्या माणसाला देते. मागे मी डॉक्टरांशी तिच्या वजनाबद्दल बोलले. त्यानंतर आठवडाभर ती दाराशी येईल त्याला सांगत होती, "फार फुगलीय, आता आवरायला हवं." खालच्या शिंपीणबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, मी त्यांच्याबद्दल म्हणाले. म्हणून पत्र. तिला वाचता येत नाही, एवढा एक फायदा.

तिच्यासारख्यांना आयुष्यभर सांभाळणाऱ्या त्या संस्थेच्या प्रतीक्षायादीत धाकटीचं नाव घालून सहा वर्षं झाली. तिथलं एक माणूस गेलं की बाहेरच्या एकाला जागा, असा हिशेब आहे. महिन्याला चार-पाच जण जातात. दुसऱ्याच्या मरणावर डोळा ठेवून बसायची माझी इच्छा नाही, पण मी शहात्तर वर्षांची आहे, आणि माझ्यानंतर तिला घास कोण भरवणार, या प्रश्नाला मला दुसरं उत्तर सापडलेलं नाही.

पूर्वी ते पोस्टाने क्रमांक कळवत. आता म्हणे सगळं वेबसाइटवर. ती यादी अर्जाच्या अकरा आकडी क्रमांकानुसार लावलेली आहे, सत्तावीस पानं, आणि पान उलटलं की पुन्हा पहिल्यावर नेऊन सोडतात. वरून लाल अक्षरं पळत असतात. "संचालकांचे हार्दिक अभिनंदन." कशाबद्दल? "स्वच्छता सप्ताह उत्साहात साजरा." हे वाचायला मी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं का? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एक अक्षर समासाबाहेर गेलं तर नन्स अख्खं पान फाडायला लावायच्या. या लोकांना समास कशाशी खातात हेच ठाऊक नाही.

रोज सकाळी माझी चाळीस मिनिटं यात जातात. बघितलं नाही तर जीव टांगणीला, कारण क्रमांक आला की सात दिवसांत हजर व्हायचं असतं. सध्या ती एकतिसावी आहे.

तुझी आई असती तर तिच्या मागे लागले असते. मधली गेली, आता तूच. तू त्या जहाजांच्या ऑफिसात बसल्या जागी दुसऱ्यांच्या पानांवरचे आकडे उचलून आणतेस, असं मागे सांगत होतीस. तसा हा एक आकडा माझ्यासाठी आणता येईल का?

मोठी मावशी


२० जानेवारी

मोठी मावशी,

येईल. खरं तर आणलासुद्धा.

मी काय करते ते तुला नीट सांगते, म्हणजे तुझा विश्वास बसेल. कुठलं जहाज कधी लागणार, ते प्रत्येक बंदराच्या पानावर लिहिलेलं असतं. अकरा बंदरं, अकरा पानं. पूर्वी आम्ही दोघीजणी ती पानं उघडून बघायचो आणि एक्सेलच्या तक्त्यात हाताने भरायचो. मग मी मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे तक्त्याला दिलेली कामांची यादी. अमुक पान उघड, त्यातला तक्ता शोध, अमुक क्रमांकाची ओळ गाठ, तिच्यातला तिसरा रकाना उचल, इथे आणून ठेव. बटण एकदा दाबायचं. माझा चहा होईपर्यंत तो अकरा बंदरं फिरून येतो.

छोटी मावशीला मी बारावं बंदर केलंय. रोज साडेआठला तुला आपोआप मेल येईल. सत्तावीस पानं तो चाळेल, तू नाही.

एक पान उघडलं नाही तर पूर्वी सगळा मॅक्रोच अडून बसायचा आणि साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. म्हणून त्याला सांगून ठेवलंय की काही सापडलं नाही तर बोंब मारू नकोस, कालचा आकडा तसाच राहू दे आणि पुढे जा. दुसऱ्या दिवशी पान उघडतंच. तेव्हा एखादा दिवस आकडा हलला नाही तर घाबरू नकोस.

तुझी तब्येत कशी आहे? फोनवर तुझा श्वास मोठा ऐकू येत होता.

भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरी,

श्वास मोठा होता कारण मी जिना चढून आले होते. फोनमधून लोकांची तब्येत तपासू नकोस.

मेल येते. साडेआठ म्हणजे साडेआठ. आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं हजेरी सांभाळली, इतकं वक्तशीर माणूस मला एक मिळालं नाही, आणि मिळाला तो मॅक्रो. मी वहीत रोज तारीख आणि आकडा लिहिते. ३१, ३१, ३०, मग मध्येच ३२ झाला. मी तुझ्यावर चिडणार होते, पण संस्थेला फोन केला तर म्हणाले, एखादं निकडीचं माणूस मध्ये घालतात. घालू देत. काल २९.

आता तक्रार. तुझ्या मेलमध्ये आकड्याच्या वर ती लाल अक्षरंही येतात. तो मॅक्रो तीसुद्धा इमानदारीने उचलून आणतो. कालच्या मेलमध्ये संचालकांनी कुठे झाड लावलं, त्याची दहा ओळींची हकिगत होती आणि सगळ्यात खाली माझा आकडा, चोरासारखा. कृपा कर आणि तो कचरा काढून टाक. मला तारीख आणि आकडा, बाकी काही नको. कारखान्यात मॅनेजरपुढे कागद जायचा तो मी असाच ठेवायची. एक पान, एक बेरीज. ज्याला कामाचं तेवढं वेगळं काढता येत नाही, त्याने कागदाला हात लावू नये.

धाकटीला बरं आहे. ती आता साडेआठला संगणकाजवळ येऊन बसते आणि मी बोलायच्या आत म्हणते, "आला का ग आकडा?" कसला आकडा, ते तिला माहीत नाही.

मोठी मावशी


७ फेब्रुवारी

मोठी मावशी,

काढलं. तक्त्याबाहेरचं काहीच आता तो उचलणार नाही. तुझा कागद मॅनेजरपुढे ठेवण्यासारखा झाला असेल.

इथे फार गडबड आहे. दोन नवीन बंदरं गळ्यात पडली. सवडीने लिहिते.

भिंगरी


४ मे

भिंगरी,

सवड मिळाली नाही असं दिसतं. तीन महिने म्हणजे जरा जास्तच लांब सवड झाली.

मी लिहितेय ते आकड्याबद्दल. एप्रिलच्या दहा तारखेला धाकटी सतरावर आली. तेव्हापासून रोज सतरा. सतरा, सतरा, सतरा. वहीचं पान बघवत नाही. चोवीस दिवसांत त्या संस्थेत एक माणूस मेलं नाही, हे मला खरं वाटत नाही. (हे वाक्य लिहून झाल्यावर मी पेन खाली ठेवलं. पण खोडत नाही, कारण खरं तेच आहे.)

तुझा मॅक्रो झोपलाय का, ते बघ.

मोठी मावशी


१२ मे

मोठी मावशी,

बघितलं. त्यांचं पान मंद झालं होतं, त्यामुळे तो जुनाच आकडा ठेवत होता. आता ठीक केलंय. काल सोमवारी १६ आला, तुला मेल मिळालीच असेल. आता पुढे सरकत राहील.

तू त्या पानाच्या भानगडीत पडू नकोस. डोळ्यांना ताण देऊ नकोस, मी आहे.

छोटी मावशीला माझा पापा.

भिंगरी


८ जून

भिंगरी,

आज बारा!

मी सहसा उद्गारचिन्ह वापरत नाही. नन्स म्हणायच्या, ज्याला शब्द सापडत नाही तो काठी उभी करतो. आज केली.

महिन्याला चार धरले तर तीन महिने. मी तयारीला लागलेय. धाकटीच्या एकेका कपड्यावर तिचं नाव शिवतेय. तिथे शंभर जणींचे कपडे एकत्र धुतात. बत्तीस झाले. ती समोर बसून मला कपडे देते आणि प्रत्येक वेळी विचारते, "हा माझा?" मी "हो" म्हटलं की खूश. बत्तीस वेळा खूश.

अवघड काम वेगळंच आहे. ती आजवर एकदाही दुसऱ्या खोलीत झोपलेली नाही. मी तिची कॉट बाहेरच्या खोलीत नेली. पहिल्या रात्री ती कॉटच्या कडेला सकाळपर्यंत बसून होती. दुसऱ्या रात्री उशी घेऊन माझ्या दाराशी आली आणि म्हणाली, "मी काय केलं?" मी दार लावून घेतलं. हे मी तुला सांगतेय, इतर कुणाला सांगणार नाही. आता पंधरा दिवस झाले, झोपते. मला बघून हसत नाही, पण झोपते. शिकतेय. तिथे गेल्यावर एकदम धक्का बसण्यापेक्षा माझ्या हातून बसलेला बरा.

तुझे उपकार मी बोलून दाखवत नाही, म्हणून ते मला कळत नाहीत असं समजू नकोस. त्या आकड्यामुळे मला पुढचं पाऊल दिसतं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

जायचा दिवस ठरला की तू येशील ना? मला एकटीला तिला तिथे सोडून परत फिरता येईल असं वाटत नाही.

मोठी मावशी


२५ जून

भिंगरी,

आठ जूनच्या पत्राला तुझं उत्तर नाही. मी वाट बघत बसले, आणि रिकामं बसलेलं माणूस जुनी वही उघडतं.

वहीत जानेवारी ते एप्रिलचे आकडे वाचले. ३१, ३१, ३०, ३२, ३२, २९, मग अकरा दिवस २९, मग एकदम २५, मग २६. मग तुझं पत्र आलं त्यानंतरचे वाचले. १६, १५, १४, १३, १२, ११, १०. दर सोमवारी एक कमी. कधी दोन नाही, कधी मंगळवारी नाही, कधी मागे नाही.

माझ्या हाताखालून रोज नऊशे माणसांची हजेरी जायची. खोटी हजेरी कशी पकडायची, ते मला कुणी शिकवलं नाही, आपोआप आलं. खरा माणूस आज आठ वाजून दोन मिनिटांनी येतो, उद्या सात पन्नासला, परवा त्याची बायको आजारी असते. ज्याची हजेरी त्याचा दोस्त लावतो, तो मात्र रोज आठच्या ठोक्याला हजर. खोटी हजेरी फार सुबक असते. ती बघूनच मी लोकांना बोलावून घ्यायची आणि ते विचारायचे, "बाई, तुम्हाला कसं कळलं?"

माणसं आठवड्याला एक, सोमवारी, ऑफिस उघडल्यावर मरत नाहीत.

मी ती वेबसाइट उघडली. सत्तावीस पानं दोनदा बघितली. धाकटीचा अर्ज नाही. मग मी लाल अक्षरं वाचली. सगळी वाचली, संचालकांसकट. त्यात एका ठिकाणी होतं, "बाद अर्जांची यादी येथे पाहा." तिथे ती एकशे बारावी आहे. बाद झाल्याची तारीख ११ एप्रिल.

या वेळी मला सवडीने उत्तर नको.

मोठी मावशी


३० जून

मोठी मावशी,

तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. आकडे मी हाताने टाकत होते. दर सोमवारी, ऑफिसात आल्याबरोबर, बाराव्या ओळीत.

तुझं मेमधलं पत्र आलं तेव्हा मी ते पान स्वतः उघडलं. त्याआधी तीन महिने उघडलंच नव्हतं, मॅक्रो उघडत होता ना. सूचना अशी होती की पाच वर्षांहून जुन्या सगळ्या अर्जदारांनी १० एप्रिलपर्यंत अर्ज कायम असल्याचं लेखी कळवावं, नाहीतर अर्ज बाद. वीस मार्चपासून ती लाल अक्षरांत पळत होती. मॅक्रो तीन आठवडे रोज तिच्या खालून गेला. त्याला सांगितलं होतं की तक्त्याबाहेरचं उचलू नकोस. आणि ओळ नाहीशी झाली तेव्हा त्याला सांगितलं होतं की बोंब मारू नकोस. त्याने दोन्ही ऐकलं.

ती अक्षरं काढ असं तूच म्हणाली होतीस. तुझ्यावर ढकलायला हे लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आधी तू रोज ती चाळीस मिनिटं घालवत होतीस. मी मदत केली नसती, तर तू संचालकांना शिव्या देत देत ती सूचना वाचली असतीस.

मला कळलं तेव्हा सगळं संपून गेलं होतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुला कसं सांगू ते सुचेना, म्हणून पहिल्या सोमवारी १६ लिहिलं. वाटलं, आठवडाभर तरी तुला बरं वाटेल. मग दुसऱ्या सोमवारी १६च ठेवला असता तर तू पुन्हा विचारलं असतंस. तू कपड्यांवर नाव शिवतेयस हे वाचलं, त्या दिवशी मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन बसले. आणि पुढच्या सोमवारी ११ लिहिलं.

शून्य आल्यावर काय करणार होतीस, असं तू विचारशील. मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

भिंगरी


१४ जुलै

भिंगरी,

मी संस्थेत जाऊन आले. बसने तीन तास. धाकटीला ठेवायला कुणी नाही, म्हणून तिलाही नेलं. तिला वाटलं फिरायला निघालोय. नाव शिवलेला निळा झगा घालून आली होती.

खिडकीत एक मुलगी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोला आजी."

"मी कुणाची आजी नाही. हा अर्ज बाद का झाला, ते सांगा."

"सूचना होती पानावर."

"किती दिवस?"

"एकवीस."

"आणि सहा वर्षं रांगेत असलेल्या माणसाला एक पोस्टकार्ड टाकायला किती दिवस लागतात?"

ती म्हणाली, "पोस्टकार्ड बंद झाली, मॅडम." आजीची मॅडम झाले, पण उपयोग काही नाही. मग तिने धाकटीकडे बघितलं. धाकटी काचेवर नाक दाबून उभी होती. त्या मुलीचा आवाज उतरला. म्हणाली, "तुम्ही अपील का नाही केलंत? एकतीस मेपर्यंत मुदत होती. ज्यांनी ज्यांनी केलं, त्या सगळ्यांना जुना क्रमांक परत दिला. एक साधा अर्ज होता. मुदत संपेपर्यंत त्याच पानावर, खालीच लिहिलं होतं."

मी तिला ती तारीख पुन्हा सांगायला लावली. तिने सांगितली.

भिंगरी, तू मला "१६ आला" असं लिहिलंस ती तारीख १२ मे. एकोणीस दिवस शिल्लक होते. तू ते पान उघडून बसली होतीस आणि तुला जहाजांच्या तक्त्यातलं एक मिनिट चुकलेलं दिसतं. ती तारीख तुला दिसली होती की नाही, तेवढं मला सांग. जे असेल ते.

नवीन अर्ज भरला. क्रमांक चारशे सहा. मी विचारलं, किती वर्षं? ती मुलगी म्हणाली, "सात धरून चाला." मग धाकटीने तिला विचारलं, "हा माझा?" काय ते तिला कळलं नाही. ती "हो" म्हणाली.

आता जे मी फोनवर सांगितलं नाही ते. माझ्या हृदयाची एक झडप निकामी झालीय. या वयात ऑपरेशन करायला ते तयार नाहीत. डॉक्टर म्हणाले, जपून राहिलात तर दोन वर्षं. बेरीज-वजाबाकी मला येते, तुलाही येते. सातातून दोन गेले की जे उरतं, त्यात धाकटी एकटी आहे.

म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे काही मागतेय. तिला घेऊन जा, असं म्हणत नाही. महिन्यातून एकदा ये. दोन दिवस राहा, तिच्याजवळ बस, तिला तुझ्या हातून जेवायची सवय होऊ दे. नवं माणूस आपलं म्हणायला तिला वर्ष लागतं. आत्ता सुरू केलं तर वेळ पुरेल.

मोठी मावशी


१९ ऑगस्ट

मोठी मावशी,

दिसली होती.

उद्या सांगते, उद्या सांगते असं म्हणत राहिले. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, ये, आपण दोघी तिला घेऊन तिथे जाऊ. आणि एकदा आले असते तर परत निघताना तुम्ही दोघी दारात उभ्या राहिला असता. एकतीस मे ही तारीख टळेपर्यंत मी रोज तो तक्ता बघत होते. एक जूनला मला सुटल्यासारखं वाटलं. हे वाचून तू मला काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. ते सगळं मी स्वतःला म्हणून झालंय.

मला तिची भीती वाटते. नऊ वर्षांची असताना आई मला सुट्टीत तुमच्याकडे ठेवायची. छोटी मावशी दिवसभर माझा हात धरून बसायची. सोडायचीच नाही. मी रडले की ती आणखी घट्ट धरायची. तू म्हणायचीस, "प्रेम आहे ग तिचं." होतं. अजून मला कुणी हात धरलेला चालत नाही.

महिन्यातून एकदा जमणार नाही. इथे चौदा बंदरं झाली आहेत, सुट्टी मिळत नाही. हे कारण आहे असं मी म्हणत नाही, पण हे कारण मी देतेय.

मी नवीन मॅक्रो लिहिलाय. दोन रविवार घालवले त्यावर. आता तो अख्खं पान आणतो, कालच्या पानाशी अक्षर न् अक्षर ताडून बघतो आणि काहीही बदललं, एक स्वल्पविराम जरी, तरी तुला लगेच मेल पाठवतो. ओळ सापडली नाही तर लाल अक्षरांत ओरडतो. तुझ्याच संगणकावर चालेल, म्हणजे मला हात घालता येणार नाही. चालवायचा कसा ते वेगळ्या कागदावर लिहिलंय. यातून आता काही सुटणार नाही.

भिंगरी


२७ सप्टेंबर

भिंगरी,

मॅक्रो चालतो. परवा एका दिवसात चौदा मेल आल्या, संचालकांचा वाढदिवस होता. क्रमांक ३९७. तो चांगला लिहिलायस. मी खराब कामाला चांगलं म्हणत नाही, तसं चांगल्याला खराबही म्हणत नाही. पण मी तुझ्याकडे तो मागितला नव्हता.

तुझ्यावर रागावून झालं. चाळीस दिवस पुरला. आता दम पुरत नाही, आणि जिना चढायलाही तोच लागतो. तुझ्या नवव्या वर्षी मी तुझं जे ऐकायला हवं होतं ते ऐकलं नाही, एवढं मी माझ्या नावावर लिहून घेते. बाकीचं तुझ्या नावावर राहू दे.

दुसऱ्या कुणाला विचारलं का, असं तुझ्या मनात येईल. तीन संस्थांना विचारलं. एक बंद झालीय, एक फक्त पन्नासच्या आतल्यांना घेते, तिसरीने उत्तर दिलं नाही.

धाकटीची कॉट मी परत माझ्या खोलीत आणलीय. तिला दूर झोपायला शिकवून आता काही साधायचं नाही. मी दुसरंच शिकवायला घेतलंय.

पन्नास वर्षं मी तिला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली. ताई झोपली असेल, बाहेर गेली असेल, तर दार कुणाला म्हणजे कुणालाही उघडायचं नाही. दूधवाल्याला नाही, पोस्टमनला नाही, ओळखीच्याला नाही. एवढी एक गोष्ट तिला पक्की येते. आणि ध्यानात आलं की ज्या दिवशी मी उठणार नाही, त्या दिवशी ती आत असेल, कडी लावून, आणि कुणालाही उघडणार नाही. किती दिवस, कोण जाणे.

समोर एक नर्स राहायला आलीय. भली बाई आहे. कामावरून परत येताना, पाच वाजता, ती आमची बेल वाजवते. मी आधीच आतल्या कॉटवर डोळे मिटून पडलेली असते. धाकटीला सांगून ठेवलेलं असतं की आज ताई उठली नाही, तर तू दार उघडायचं, तुला बिस्कीट मिळेल. ती मान हलवते. बिस्कीट म्हटल्यावर ती कशालाही मान हलवते.

बेल वाजते. ती दाराशी जाते. "कोण?" म्हणते. नर्स म्हणते, "मी ग, समोरची. उघड बरं, शहाणी ना?" आणि धाकटी मोठ्याने, स्पष्ट, माझ्याच आवाजात सांगते, "ताई झोपलीय. नंतर या."

तेवीस वेळा झालं. तेवीस वेळा हेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

काल नर्स दाराबाहेरून ओरडली, "मावशी, अजून किती वेळ वाजवू?" मी उत्तर दिलं नाही. दिलं तर सगळं पहिल्यापासून. मी डोळे किलकिले करून बघितलं. धाकटी कॉटशेजारी जमिनीवर येऊन बसली होती. बेल पुन्हा वाजली, तेव्हा तिने दाराकडे तोंड केलं, ओठांवर बोट ठेवलं आणि दाराला हळूच म्हणाली, "श्शू."

मोठी मावशी